७३ अंशांच्या अलीकडची वस्ती

डब्लिन-प्लेझंटनच्या बार्ट स्टेशनावर तुम्ही उभे आहात. हा फलाट ५८० महामार्गाच्या मधोमध आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी गाड्यांची घरघर चालू आहे. शेजारी एक बाई फोनवर विचारतेय, "आई, रात्रीची गोळी घेतलीस का? मग झोप आता." पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेत, इथं कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ. पश्चिमेला थोड्या अंतरावर ५८० ला ६८० आडवा जातो. हे दोन रस्ते ध्यानात ठेवा. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी हे गाव कुणाला ठाऊक नाही. पण त्या पाण्यात कोण राहतं आणि कसं राहतं, याबद्दल माणसाला जे कळलंय त्यातलं बरंच काही या दोन रस्त्यांच्या टोकांना बसून कळलं आहे.

पहिली उडी लहान घ्या. १८५० च्या आसपास. पायाखालचा फलाट निघून जातो आणि बूट चिखलात रुततात. वाळुंजाची दाटी, ओल धरलेली जमीन, होसे मारिया आमादोर नावाच्या माणसाची हजारो एकरांची जहागीर. आलामिया झऱ्यापाशी प्रवासी थांबतात, घोडे बदलतात, तोंड धुऊन पुढे निघतात. या खोऱ्याच्या पश्चिम कडेने कॅलावेरास भ्रंश गेला आहे. जमिनीला तडा असला की खोलवरच्या पाण्याला वर यायला वाट सापडते. खाली उष्णता असेल तर ते तापून येतं. गरम झऱ्याला तडा लागतो, पाणी लागतं आणि उष्णता लागते, आणि तिन्हींपैकी एकाचाही भरवसा नाही. तडा खनिजांनी बुजतो, पाणी आटतं, उष्णता दुसरीकडे वळते. अशा जागी कुणी घर करावं आणि ते लाखो वर्षं टिकावं, हे कसं होतं, ते पाहायला तुम्ही निघाला आहात.

आता ५८० धरून पश्चिमेला, चाळीसेक किलोमीटर. साल १९८५, गाव एमरीव्हिल, सीटस कंपनीची प्रयोगशाळा. दोन वर्षांपूर्वी इथल्या कॅरी मुलिसला डीएनएच्या प्रती काढायची युक्ती सुचली आहे. नमुना तापवायचा, म्हणजे डीएनएचे दोन पेड सुटतात. मग निववायचा, म्हणजे एन्झाइम प्रत्येक पेडावर जोडीचा पेड बांधतं. पुन्हा तापवायचा. दर फेरीला प्रती दुप्पट. अडचण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. हे एन्झाइम ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जीवाणूचं आहे, आणि नळी पंचाण्णव अंशांना गेली की ते निकामी होतं. म्हणून प्रत्येक फेरीला नळी उघडून ताजं एन्झाइम घालावं लागतं, आणि फेऱ्या पंचवीस-तीस. थोड्याच दिवसांत इथं डेव्हिड गेलफंड आणि सुझन स्टॉफेल एक वेगळं एन्झाइम शुद्ध करून घेतील. ते एकदाच घालायचं, फेरीमागून फेरी तापवलं तरी काम करत राहतं. ते थर्मस ॲक्वाटिकस नावाच्या जीवाणूतलं आहे आणि तो जीवाणू यलोस्टोनच्या एका गरम झऱ्यातला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २०२० साली नाकात काडी घालून जी चाचणी आपण सगळ्यांनी केली, ती याच तंत्रावर चालली. सीटसने पीसीआरचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरना विकले, मुलिसला १९९३ चं नोबेल मिळालं, आणि ज्या उद्यानातून तो जीवाणू आला त्याला त्या विक्रीतला एक डॉलरही मिळाला नाही.

गरम झऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा इथंच संपवतात. एक चिवट जीव, त्याचं चिवट एन्झाइम आणि त्याचा माणसाला झालेला उपयोग. मला ती अर्धवट वाटते. एकट्याच्या चिवटपणावर झरा जगत नाही. तिथं टिकते ती वस्ती, आणि वस्ती का टिकते याचं उत्तर उगमापेक्षा उगमातून निघणाऱ्या ओहोळात आहे. ते पाहायला मूळ जागी जायला हवं.

१९६६ चा शरद. यलोस्टोन, लोअर गीझर बेसिन. हवा गार, नाकात गंधकाचा हलका वास, पायाखाली राखाडी-पांढऱ्या सिलिकेचा कवचासारखा थर कुरकुरतो. जपून पाऊल टाका, हा थर काही ठिकाणी पातळ असतो आणि त्याखाली उकळतं पाणी. समोर मश्रूम स्प्रिंग. काठावर इंडियाना विद्यापीठाचे टॉम ब्रॉक आणि त्यांचा पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ. ब्रॉक इथं पहिल्यांदा १९६४ मध्ये आले आणि या रंगांनी त्यांना धरून ठेवलं. फ्रीझ ओणवा होऊन बाटली भरतोय. त्याच बाटलीतून पुढे थर्मस ॲक्वाटिकस वेगळा होईल, १९६९ मध्ये त्याचं वर्णन छापून येईल आणि तो जीवाणू अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या संग्रहात जमा होईल. सीटसच्या नळीपर्यंत तो पोचला त्याच वाटेने.

पण तुम्ही बाटलीकडे पाहू नका. ओहोळाकडे पाहा.

उगमाजवळ पाणी नितळ आहे, तळाचा दगड दिसतो. ते वाहायला लागतं आणि दर पावलाला थोडं निवतं. काही अंतरावर अचानक पिवळसर हिरवा रंग सुरू होतो, कुणी आखून दिल्यासारखा. तिथं थर्मामीटर बुडवला तर पारा ७३ अंशांच्या आसपास थांबेल. प्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवांची ही शेवटची शीव आहे, तिच्या पलीकडे त्यांच्यातलं कुणीच राहत नाही. पलीकडे जीवन नाही असं मात्र नाही. जवळच्याच ऑक्टोपस स्प्रिंगच्या ओहोळात ऐंशी अंशांच्याही वरच्या पाण्यात गुलाबी तंतू लहरत असतात. त्यांचं नाव थर्मोक्रिनिस, त्यांना सूर्य लागत नाही, पाण्यात विरघळलेला हायड्रोजन त्यांना पुरतो. शिवेच्या अलीकडे गर्द हिरवा, मग केशरी, मग तपकिरी. आणखी खाली, पाणी चाळीसच्या घरात आलं की त्या थरावर बारक्या माश्या चरताना दिसतील.

हिरव्या पट्ट्यात सिनेकोकॉकस आहे, लांबट गोळीच्या आकाराचा, एकपेशीय, वाढायला फार सावकाश. दिसायला सगळे सारखे. आतून नाहीत. साठीच्या वर एक प्रकार, पंचावन्नच्या आसपास दुसरा, त्याखाली आणखी. सूक्ष्मदर्शकात वेगळे न दिसणारे हे जीव तापमानाप्रमाणे ओहोळाच्या काठाने रांगेत बसले आहेत. उद्या उगमाचं पाणी पाच अंशांनी तापलं तर काय होईल? कुणाला नव्याने काही शिकावं लागणार नाही. वस्ती ओहोळात खाली सरकेल. पाणी निवलं तर वर सरकेल. ज्याची जागा गेली त्याला दोन-चार फुटांवर दुसरी आहे.

आता याच खोऱ्यात थांबा, फक्त चाळीस वर्षं पुढे या. ऑक्टोपस स्प्रिंग, २००० नंतरची वर्षं. स्वतःला लहान करा, इतकं की त्या हिरव्या थरात शिरता येईल. थराचा तुकडा कापला तर खरवसाच्या वडीसारखा थरथरतो. वरचा मिलिमीटरभर हिरवा, खाली केशरी, आणखी खाली मेलेल्या पेशींचा फिका गाळ. तुम्ही हिरव्यात आहात. दुपार आहे. अवतीभवती सिनेकोकॉकस प्रकाश पिताहेत आणि इतका ऑक्सिजन सोडताहेत की त्याचे बुडबुडे थरात अडकून राहतात. हवेत असतो त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन इथं आहे. तो विषासारखाही असतो. थराची आम्लता दुपारभरात घटत जाते.

सूर्य डोंगराआड गेला. काही मिनिटांत ऑक्सिजन संपतो. खरंच मिनिटांत, कारण इतकी तोंडं तो खायला बसली आहेत. ज्या पेशी दुपारी प्राणवायूत न्हात होत्या त्या आता गुदमरायला हव्यात. त्या गुदमरत नाहीत. दिवसभर साठवलेली साखर त्या आंबवायला लागतात, आणि त्यातून निघालेली आम्लं खालच्या केशरी तंतूंना, रोझिफ्लेक्सस आणि त्याच्या भाऊबंदांना, अन्न म्हणून मिळतात. आणि याच अंधारात सिनेकोकॉकस एक असं काम काढतो जे त्याला दिवसा जमत नाही. हवेतला नायट्रोजन बांधायला जे एन्झाइम लागतं ते ऑक्सिजनने नष्ट होतं. म्हणून त्याची जनुकं संध्याकाळी जागी होतात. एकच पेशी दिवसा ऑक्सिजन बनवते आणि तो सरला की नायट्रोजन बांधते. स्टॅनफर्डच्या आवारातल्या कार्नेगी संस्थेत मूळच्या भारतीय देवकी भाया आणि त्यांचे सहकारी आर्थर ग्रॉसमन यांच्या गटाने हे २००६ मध्ये दाखवलं. पहाटे, पहिल्या अंधुक प्रकाशात, जेव्हा थोडी ऊर्जा मिळायला लागते पण ऑक्सिजन अजून साठलेला नसतो, तेव्हा हे काम सर्वांत जोरात चालतं.

कार्नेगीला जायचं तर डब्लिनहून ६८० धरून दक्षिणेला उतरायचं आणि खाडी ओलांडायची. पण आत्ता थरातच राहा, कारण एक गोष्ट लक्षात यायला हवी. बदल म्हणजे भूकंप आणि हिमयुग असं आपण समजतो. या वस्तीने आज सकाळपासून उद्या पहाटेपर्यंत जे पाहिलं तो आपल्या मापाने प्रलय आहे, आणि तो रोज येतो. रोजच्या या उलथापालथीत जो जगायला शिकला त्याच्याकडे मोठ्या बदलासाठी लागणारं सामान आधीच जमलेलं असतं. शिवाय विषाणू आहेत. थरातल्या पेशींच्या क्रिस्पर पट्ट्यांमध्ये पूर्वी चाल करून आलेल्या विषाणूंचे डीएनएचे तुकडे जपून ठेवलेले सापडले. लहान आकारात तुम्ही या नोंदवहीजवळून गेलात तर प्रत्येक पेशीची नोंद थोडी वेगळी दिसेल. एका विषाणूला सगळी वस्ती एकदम मारता येत नाही ती यामुळे.

पुन्हा आपल्या उंचीचे व्हा आणि थोडं मागे, १९९० च्या दशकात, याच काठावर. संशोधक डेव्हिड वॉर्ड यांच्या गटाने थराचा वरचा तीन मिलिमीटरचा पापुद्रा खरवडून काढला आहे, म्हणजे हिरवा भाग पूर्ण गेला. आता काय परत येतं ते त्यांना पाहायचं आहे. चाळीस दिवस तुम्ही भरभर पुढे सरकवा. उघड्या पडलेल्या जागेवर हिरवी झाक येते, मग रंग भरतो. ऑक्सिजन पुन्हा बनू लागतो. लांबून पाहणारा म्हणेल, जखम भरली. पण नमुन्यांतले डीएनए पाहिले तर पूर्वी तिथं न दिसलेले काही जण आता मुक्कामाला आले आहेत, आणि पूर्वीचे काही चाळीस दिवसांनंतरही परतलेले नाहीत. काम तेच, माणसं वेगळी. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो. "टिकली" हा शब्द आपण सहज वापरतो. थर टिकला, त्याचं काम टिकलं, त्यातले सगळे टिकले असं मात्र नाही.

आता मोठा धक्का. १७ ऑगस्ट १९५९, रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत. चांदणं आहे. तुम्ही यलोस्टोनच्या पश्चिम भागात बिस्किट बेसिनमध्ये सफायर पूलपाशी आहात. ११ वाजून ३७ मिनिटांनी जमीन पायाखालून ओढली जाते. हेबगेन लेकचा भूकंप, ७.३ रिश्टर. उद्यानाबाहेर मॅडिसन नदीच्या घळीत अख्खा डोंगर तंबूंवर कोसळतो, आणि या भूकंपात सगळी मिळून २८ माणसं जातात. इथं माणूस नाही, पण पाण्याला वेड लागलंय. निवांत असलेली कुंडं उसळू लागतात, नितळ पाणी गढूळ होतं. पुढच्या काही दिवसांत अभ्यासक मोजतील: किमान २८९ झरे कारंज्यासारखे उडाले, आणि त्यातल्या १६० झऱ्यांची तशी उडण्याची आधी कुठंच नोंद नव्हती. सप्टेंबरमध्ये हा सफायर पूल असा उसळेल की काठावरची बिस्किटांसारखी दगडी नक्षी, जिच्यावरून या जागेला नाव पडलं, उखडून वाहून जाईल.

काठावरच्या थरांचं काय झालं? जिथं उकळतं पाणी चढलं तिथले शिजून मेले. जिथं ओहोळ कोरडा पडला तिथले वाळले. यात सांत्वन करण्यासारखं काही नाही, ते मेले. पण भूकंपाने सगळे झरे एकाच दिशेला ढकलले नाहीत. कुठे पाणी तापलं, कुठे निवलं, कुठे नवी फट उघडली. खोऱ्यात शेकडो झरे, प्रत्येकाला ओहोळ, प्रत्येक ओहोळात तापमानाची पूर्ण उतरंड. एकाची पडझड झाली तरी बी शेजारी होतं. वारा, पाखरांचे पाय, वितळत्या बर्फाचं पाणी, बायसनच्या खुरांना लागलेला चिखल, कशावर बसून ते परत आलं हे प्रत्येक वेळी सांगता येणार नाही, पण आलं. २३ जुलै २०२४ च्या सकाळी याच बिस्किट बेसिनमध्ये ब्लॅक डायमंड पूल फुटला, दगड आणि चिखल उंच उडाला, लोक लाकडी पायवाटेवरून धावत सुटले. तिथं हा खेळ आत्ता आपल्या काळात पुन्हा चालू झाला आहे.

वीस हजार वर्षं मागे जा. अंगावर जे असेल ते घट्ट लपेटा. यलोस्टोनच्या पठारावर बर्फाची टोपी बसली आहे, सरोवराच्या भागात किलोमीटरभर जाड. ओहोळ नाहीत, रंग नाहीत, गवत नाही. पण खालची उष्णता बर्फाला घाबरत नाही. झरे बर्फाच्या पोटात वाहताहेत, भोवती पोकळ्या वितळवताहेत. अंधारात जगणाऱ्यांचं, हायड्रोजन आणि गंधक खाणाऱ्यांचं, तिथं फारसं बिघडलं नसेल. प्रकाशावर जगणाऱ्यांना मात्र कुठेतरी कडेला, बर्फाच्या सीमेपलीकडे किंवा एखाद्या उघड्या वाफाळत्या खळग्यात, तग धरावा लागला असेल. बर्फ सरला तेव्हा ते परत पसरले.

हे तग धरणं आणि परत भेटणं त्यांच्या जनुकांत दिसतं, आणि ते वाचायला पुन्हा डब्लिनला यायचं. या वेळी ६८० धरून उत्तरेला, पंधरा-वीस मिनिटं, वॉलनट क्रीकमध्ये. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूट २०१९ मध्ये बर्कलीच्या टेकडीवर गेली, त्याआधी वीस वर्षं ती इथं होती. याच संस्थेतल्या संशोधकांनी यलोस्टोनच्या थरातून सिनेकोकॉकसच्या पेशी एकेक करून वेगळ्या केल्या. एकेक पेशी, एकेक जीनोम, असे तीनशेहून जास्त. भाया, स्टॅनफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ डॅनियल फिशर आणि त्यांचे सहकारी यांनी ते जीनोम शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दीर्घकाळ शेजाराने राहणाऱ्या वेगवेगळ्या प्रजातींनी एकमेकांची जनुकं इतकी घेतली होती की एकाच प्रजातीतल्या वैविध्याचा मोठा भाग शेजाऱ्यांकडून आलेला निघाला. प्रजाती वेगळ्या राहिल्या, पण उसनवारी सतत चालू राहिली, आणि जे उपयोगी ठरलं ते निवडीत टिकलं. म्हणजे बदल आल्यावर नवं उत्तर शून्यातून शोधायची गरज कमी. शेजाऱ्याकडे ते असू शकतं. पण त्यासाठी शेजारी असावा लागतो.

सर्वांत लांबची उडी थोडक्यात घ्या, कारण तिथं श्वास घेता येणार नाही. ३४८ कोटी वर्षांपूर्वी, आज जिथं पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पिलबारा आहे तिथं, ज्वालामुखीच्या मुखाजवळचे गरम झरे. हवेत ऑक्सिजन नाही. काठावर सिलिकेचे थर साचताहेत, जसे मश्रूम स्प्रिंगच्या काठी साचतात, आणि त्यांच्यालगत जीवनाच्या खुणा दगड होताहेत. २०१७ मध्ये हे दगड ओळखले गेले. जमिनीवर असलेल्या जीवनाचा सापडलेल्यांतला सर्वांत जुना पुरावा हा, आणि तो गरम झऱ्याच्या काठचा आहे.

आता घरी चला. म्हणजे कोकणात.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं उभे राहिलात तर पायाखाली लाव्हा असेल. ते दख्खनचं पठार घडतंय. ती ऊब केव्हाच निवली, आजचे झरे तिच्यावर तापत नाहीत. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात हे झरे एका ओळीत आहेत: सातिवली, गणेशपुरी, अकलोली, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वरातलं तुरळ आणि राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरीच्या आसपास जातं, तुरळचं साठीच्या वर. म्हणजे सगळेच ७३ च्या अलीकडचे. प्रकाशावर जगणाऱ्या वस्तीला उगमापासूनच परवानगी आहे. घाटावर खानदेशात उनपदेव, आणि पार पूर्वेला नांदेडच्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी, उनकेश्वर.

उनकेश्वरच्या पाण्यातला सगळा डीएनए पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी वाचला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. ४१ संघ, ७१९ प्रजाती. अर्ध्याहून जास्त डीएनए ॲक्टिनोबॅक्टेरिया या एकाच संघाचा, पहिले तीन संघ मिळून नव्वद टक्क्यांच्या वर. उरलेले अडतीस संघ उरलेल्या काही टक्क्यांत दाटीवाटीने राहतात. तालिकेत हे किरकोळ दिसतात. वॉर्ड यांच्या चाळीस दिवसांनंतर तुम्ही त्यांच्याकडे किरकोळ म्हणून पाहणार नाही. पाणी बदललं की पुढे यायची पाळी यांच्यातल्याच कुणाची असते.

आणि ते दुसरीकडून आणता येत नाहीत. अमेरिका, जपान, न्यूझीलंड, इटली इथल्या झऱ्यांतले सिनेकोकॉकस शेजारी ठेवून पाहिले गेले, २००३ मध्ये. तापमान आणि पाणी जुळत असूनही प्रत्येक प्रदेशाचं कूळ वेगळं निघालं. गरम झरे ही थंड जगातली बेटं आहेत. तुरळच्या ओहोळात जे असेल ते यलोस्टोनच्या प्रतीवरून भरून काढता येणार नाही.

पावसाळ्यात गणेशपुरीला या. तानसा नदी फुगली की काठचे झरे पुराखाली जातात, गरम वस्तीवर गढूळ गार पाणी दिवस दिवस फिरत राहतं, आणि पूर ओसरला की दगडांवर पुन्हा बुळबुळीत हिरवा थर धरतो. कोकणातल्या या वस्त्यांना असा बदल दरवर्षीचा. निसर्गाने आणलेल्या बदलाची त्यांच्याविषयी मला फार काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती आपण आणलेल्या बदलाची, कारण तो वेगळ्या जातीचा आहे. न्यूझीलंडमध्ये वैराकेईला १९५८ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झालं, खालचं गरम पाणी उपसलं गेलं, आणि शेजारच्या गीझर व्हॅलीतले झरे काही वर्षांत मुके झाले. तिथं वस्तीला सरकायला जागाच उरली नाही. आपल्याकडे उपसा त्या प्रमाणात नाही. आपण केलं ते साधं आणि चांगल्या हेतूने: उगमाभोवती कुंड बांधलं, कुंडाला फरशी लावली, बाहेर पडणारं पाणी पन्हळीत किंवा पाइपात घालून लांब सोडलं.

तुरळच्या कुंडावर बसलेल्या आजी तुम्हाला सांगतात, "एकदम पाय नका घालू हो, पोळेल. आधी हातानं थोडं अंगावर घ्या." त्या पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान सांगताहेत. दुखऱ्या गुडघ्यांना या पाण्याने आराम पडतो म्हणून लोक येतात, देवाचं पाणी म्हणून येतात, आणि त्यांनी यावं. कुंड हवंच. पण कुंडात तापमान एकच असतं. रोज घासलेल्या भिंतीवर थर धरत नाही. आणि पाइपात प्रकाश नसतो. तापमानाची जी उतरंड मश्रूम स्प्रिंगला तुम्ही दहा पावलांत पाहिलीत, ती आपण सिमेंटच्या दोन टोकांत मिटवून टाकतो. वरची पायरी आणि खालची पायरी राहते, मधला जिना काढून घेतलेला. मग पाणी एखाद्या वर्षी चार अंशांनी निवलं, तर सरकायचं कुठे?

यावर संग्रहालय हे उत्तर नाही. पुण्यात सूक्ष्मजीवांचा मोठा राष्ट्रीय संग्रह आहे आणि त्याचं काम मोलाचं आहे. थर्मस ॲक्वाटिकस अशाच संग्रहात होता म्हणून सीटसला मिळाला. पण गोठवून ठेवता येतो तो वेगळा वाढवता आलेला एकेक जीव. संध्याकाळी आम्लं सोडणारा वरचा आणि ती खाणारा खालचा यांच्यातला व्यवहार गोठवता येत नाही, आणि प्रयोगशाळेत एकट्याने वाढायला तयार नसलेले जीव तर बहुसंख्य असतात.

उपाय स्वस्त आहे आणि ग्रामपंचायतीच्या हातातला आहे. कुंड राहू दे. त्याच्या सांडव्यापासून पुढचा वीस-तीस फुटांचा ओहोळ उघडा ठेवायचा, दगडगोट्यांवरून, उन्हात, साबणाचं पाणी त्यात न सोडता. कडेला एक फळी टाकायची, म्हणजे कुणी थरावर पाय देणार नाही. शाळेतल्या मुलांनी महिन्यातून एकदा ठरलेल्या पाच जागी थर्मामीटर बुडवायचा, रंगांची पट्टी कुठे सुरू होते ते फुटांत मोजायचं, फोटो काढायचा आणि वहीत लिहून ठेवायचं. पावसाळ्यात पट्टी किती सरकते, उन्हाळ्यात किती परत येते, हे तुरळला किंवा उन्हवऱ्याला दोन वर्षांत दिसू लागेल.

असं झालं तर एक उडी पुढे घेता येईल, २०६६ मध्ये, फ्रीझने बाटली भरली त्याला शंभर वर्षं होतील तेव्हा. संगमेश्वरच्या एखाद्या कॉलेजातली मुलगी साठ, पंचावन्न आणि पन्नास अंशांच्या जागांवरून तीन नमुने घेईल, आणि ते ताडून पाहायला तिच्यापाशी चाळीस वर्षांच्या वह्या असतील.